बंदराचा ‘हरित’ कार्यक्रम तपासायचा कसा?

बडोद्याला समुद्र नाही, पण बंदराशी नातं जुनं आहे. गायकवाडांच्या राज्याने ओखामंडळात स्वतःचं बंदर बांधलं, ते १९२६ साली सुरू झालं. आज मकरपुरा, सावली, हालोल, नंदेसरीच्या कारखान्यांचा माल दहेज, हजिरा, पिपावाव, मुंद्रा, नाहीतर थेट न्हावा-शेवाच्या धक्क्यावर जातो. परदेशी गिऱ्हाइकांकडून आता एक प्रश्नावलीही येऊ लागली आहे: मालाच्या वाहतुकीतून किती कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि तुम्ही वापरता त्या बंदराचा पर्यावरण कार्यक्रम कितपत भरवशाचा आहे? बऱ्याचदा बंदराच्या संकेतस्थळावरचा गुळगुळीत अहवाल जोडून विषय मिटवला जातो.

तो अहवाल नीट तपासायचा असेल तर काय करावं, ते इथे पायरीपायरीने सांगतो. कारखान्याच्या पर्यावरण विभागातले लोक, लालबागच्या गतिशक्ती विश्वविद्यालयात किंवा कलाभवनात (महाराजा सयाजीराव विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विद्याशाखेत) शिकणारी मुलं, भरूच-जंबुसर पट्ट्यावर लिहिणारे पत्रकार, यांपैकी कोणालाही हे जमेल. निम्म्याहून जास्त काम घरबसल्या होतं; उरलेल्यासाठी मात्र बंदराच्या फाटकापर्यंत जावंच लागतं.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या अहवालांत धडधडीत खोटं क्वचित असतं. चलाखी असते ती रेघ कुठे ओढली यात: नकाशावरची रेघ, काळातली रेघ, आणि कोणता धूर कोणाच्या खात्यावर टाकला ती रेघ. म्हणून आकड्यांकडे वळण्याआधी रेघ शोधायची.

पायरी १ : बंदर म्हणजे नेमकं कोण, ते ठरवा

‘दहेज बंदर’ असं आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात तिथे एलएनजीचं (द्रवरूप नैसर्गिक वायूचं) टर्मिनल वेगळं, कोळसा आणि सुटा माल उतरवणारं बंदर वेगळं, रसायनांचं टर्मिनल वेगळं, शिवाय कंपन्यांच्या खासगी जेट्ट्या. प्रत्येकाचा मालक निराळा, परवानगी निराळी, अहवालही निराळा. तेव्हा ज्याची तपासणी करायची त्या संस्थेचं कायदेशीर नाव पहिल्या पानावर लिहा.

दुसरी गोष्ट म्हणजे नियामक कोण. गुजरातमधलं ‘प्रमुख बंदर’ एकच, कांडल्याचं दीनदयाल बंदर. ते केंद्राच्या अखत्यारीत येतं. बाकीची बंदरं १९८२ साली स्थापन झालेल्या गुजरात मेरिटाइम बोर्डाकडे आहेत. मुंद्र्याची उलाढाल कितीही मोठी असो, कायद्याच्या भाषेत ते ‘प्रमुख’ नाही. हा भेद महत्त्वाचा अशासाठी, की केंद्रीय बंदर मंत्रालयाने मे २०२३ मध्ये काढलेली ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वं मुख्यतः प्रमुख बंदरांसाठी आहेत. दर टन मालामागचं कर्बउत्सर्जन २०३० पर्यंत ३० टक्के आणि २०४७ पर्यंत ७० टक्के कमी करायचं, हे त्यातलं ठळक उद्दिष्ट. मेरिटाइम बोर्डाखालचं बंदर ‘आम्ही हरित सागरनुसार चालतो’ म्हणत असेल तर उत्तम, पण ते स्वेच्छेने घेतलेलं वचन आहे. मग विचारा, त्याची पडताळणी कोण करतं?

आता खरी रेघ. बंदरात धूर काढणाऱ्यांचे ढोबळ पाच गट करा: धक्क्यावर आणि नांगरावर उभी असलेली जहाजं; टग आणि पायलट बोटी; माल हलवणारी यंत्रं, म्हणजे क्रेन, रीच स्टॅकर, लोडर, डम्पर; रेल्वे इंजिनं; आणि फाटकातून ये-जा करणारे ट्रक. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच या जुळ्या बंदरांनी २००६ साली हवा शुद्धीकरणाचा संयुक्त आराखडा आखला आणि २००५ हे आधारवर्ष धरून या पाचही गटांची मोजणी दरवर्षी प्रसिद्ध करायला सुरुवात केली. त्यात बहुतेक यंत्रं आणि जहाजं बंदराच्या मालकीची नाहीत, तरी मोजली जातात.

आपल्याकडच्या अहवालात या पाचांपैकी कोणते गट आहेत ते बघा. पुष्कळदा कार्यालयाची वीज, रस्त्यावरचे दिवे आणि बंदराच्या स्वतःच्या गाड्यांचं डिझेल एवढंच सापडतं. कोळसा वाहणारे डम्पर कंत्राटदाराचे, म्हणून ते ‘तिसऱ्या कक्षेत’ (स्कोप ३, म्हणजे इतरांच्या मालकीच्या साधनांतून होणारं उत्सर्जन), आणि तिसरी कक्षा ‘पुढील वर्षी समाविष्ट केली जाईल’. डिझेलच्या यंत्रांचं काम बाहेरच्या ठेकेदाराला दिलं की बंदराचं उत्सर्जन कागदावर एका रात्रीत उतरतं. यार्डातल्या माणसाच्या छातीत जाणारा धूर तेवढाच राहतो. म्हणून ‘घट’ दिसली की त्याच वर्षी कोणतं काम कंत्राटावर गेलं, ते तपासा.

पाच गट आणि ‘मोजला’, ‘अंदाज केला’, ‘वगळला’ असे तीन रकाने यांचा एक तक्ता करा. पुढचं सगळं काम या एका कागदावर उभं राहतं.

पायरी २ : कागद मिळवा, आणि ते शेजारी शेजारी ठेवून वाचा

चकचकीत शाश्वतता अहवाल सर्वांत शेवटी वाचायचा. आधी बंदराने कायद्याच्या सक्तीने लिहिलेले कागद.

मूळ दस्तऐवज म्हणजे पर्यावरण मंजुरीचं पत्र. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेनुसार वर्षाला ५० लाख टन किंवा अधिक माल हाताळण्याची क्षमता असलेल्या बंदराला केंद्राकडून ही मंजुरी घ्यावी लागते. पत्र केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर मिळतं. त्यात ‘विशेष अटी’ आणि ‘सर्वसाधारण अटी’ असतात. विशेष अटी शब्दन् शब्द वाचा, कारण त्या त्या जागेसाठीच घातलेल्या असतात. किनारा नियमन क्षेत्राची परवानगी याच पत्रात किंवा जोडपत्रात सापडते.

मग सहामाही पूर्तता अहवाल. दरवर्षी १ जून आणि १ डिसेंबरला तो द्यावा लागतो आणि बंदराच्या संकेतस्थळावर असायला हवा. नसेल तर ती तुमची पहिली नोंद. असेल तर प्रत्येक अटीपुढचा शेरा बघा. ‘कम्प्लाइड’ (पूर्तता झाली), ‘बीईंग कम्प्लाइड’ (पूर्तता चालू आहे) आणि ‘नोटेड’ (नोंद घेतली) हे तीन शेरे वारंवार येतात. ‘नोटेड’ म्हणजे काहीच सांगितलेलं नाही. ‘बीईंग कम्प्लाइड’ हा शेरा तीन-चार वर्षं त्याच शब्दांत, त्याच फोटोसकट येत असेल तर कागदी घोडे नाचवणं चालू आहे असं समजा. जुने अहवाल उघडून फोटोंतली झाडं तेवढीच आहेत का, हे पाहणं गमतीचं वाटेल, पण उपयोगी आहे.

तिसरा कागद राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाला दरवर्षी ३० सप्टेंबरपर्यंत द्यायचं पर्यावरण विवरण, म्हणजे नमुना पाच. पाणी किती वापरलं, घातक कचरा किती निघाला, हे त्यात असतं. याच वर्षाचे आकडे शाश्वतता अहवालात काय आहेत ते ताडून बघा. दोन्हीकडे पाण्याचा आकडा वेगळा निघाला तर एक तरी रेघ वेगळ्या जागी ओढलेली आहे.

बंदराचा मालक शेअर बाजारातल्या पहिल्या हजार कंपन्यांत असेल, तर २०२२-२३ पासून सेबीने सक्तीचा केलेला बीआरएसआर, म्हणजे व्यवसायाची जबाबदारी आणि शाश्वतता यांचा अहवालही हाताशी असतो. तो शिस्तबद्ध असतो, पण बहुधा संपूर्ण समूहाचा. दहा-बारा बंदरांच्या सरासरीत तुमचं बंदर कुठे बसतं ते त्यातून कळत नाही. म्हणून बंदरनिहाय आकडे लेखी मागा.

आणखी एक खिडकी फार कमी लोक उघडतात. बंदराने विस्तारासाठी अर्ज केला असेल तर जुन्या अटी कितपत पाळल्या, याचा प्रमाणित अहवाल पर्यावरण मंत्रालयाच्या प्रादेशिक कार्यालयाकडून घ्यावा लागतो; आपल्यासाठी ते कार्यालय गांधीनगरला आहे. त्या अहवालाची चर्चा तज्ज्ञ मूल्यांकन समितीच्या इतिवृत्तात येते. जनसुनावणीचं इतिवृत्तही याच फायलीत असतं. कोळी-माछी लोकांनी काय विचारलं होतं आणि कंपनीने काय कबूल केलं होतं, ते तिथे तारखेसह मिळतं. हे सगळं वाचूनही तुटक वाटलं, तरच माहिती अधिकाराचा अर्ज करा, आणि तो एका विशिष्ट कागदासाठी करा. ‘पर्यावरणविषयक सर्व माहिती द्यावी’ असा अर्ज केला तर उत्तर येतं, पण हाती काही लागत नाही.

पायरी ३ : दर टनाचा आकडा आणि एकूण आकडा, दोन्ही काढा

हे गणित स्वतः करा. दोन गुणक लागतात: एक लिटर डिझेल जाळलं की सुमारे २.६८ किलो कार्बन डायऑक्साइड, आणि ग्रिडची एक युनिट वीज म्हणजे सुमारे ०.७ किलो. दुसरा गुणक केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी जाहीर करतं, म्हणून त्या त्या वर्षाचा वापरा.

समजा, एका काल्पनिक बंदराने पहिल्या वर्षी ५० लाख टन माल हाताळला, २० लाख लिटर डिझेल आणि १ कोटी युनिट वीज वापरली. डिझेलचे ५,३६० टन, विजेचे ७,००० टन, मिळून १२,३६० टन. दर टन मालामागे साधारण २.४७ किलो. काही वर्षांनी माल ८० लाख टनांवर गेला, डिझेल २४ लाख लिटर, वीज १ कोटी ४० लाख युनिट. आता एकूण १६,२३२ टन, आणि दर टनामागे २.०३ किलो.

बंदर सांगेल, १८ टक्के घट. हिशेब बरोबर आहे. आणि त्याच बंदरातून हवेत गेलेला वायू ३१ टक्क्यांनी वाढला, हाही हिशेब बरोबर आहे. तुमच्या अहवालात दोन्ही आकडे एकाच वाक्यात आले पाहिजेत.

याला जोडून एक खाच आहे. मालाचा प्रकार बदलला की दर टनाचा आकडा आपोआप बदलतो. एलएनजी किंवा रसायनं नळातून वाहतात, त्यांना डम्पर लागत नाही. कोळशाला ग्रॅब, लोडर, डम्पर, पाण्याचे फवारे, सगळंच लागतं. एखाद्या बंदरात द्रवमालाचा वाटा वाढला असेल तर एकही यंत्र न बदलता कामगिरी सुधारलेली दिसेल. म्हणून शक्य असेल तिथे मालप्रकारानुसार वेगळे आकडे मागा. दोन बंदरांची तुलना करतानाही सारख्या मालाचीच करा.

आधारवर्ष कोणतं निवडलं हेही बघा. २०२०-२१ सारखं विस्कटलेलं वर्ष आधार म्हणून घेतलं असेल तर कारण विचारा. मध्येच आधारवर्ष बदललं असेल आणि जुने आकडे नव्या पद्धतीने पुन्हा काढून दाखवले नसतील, तर ती मालिका तुटलेली समजा.

पायरी ४ : धुळीचे आकडे जहाजांच्या यादीशी ताडून बघा

कोळसा, खनिज, खत, क्लिंकर उतरवणाऱ्या बंदरात माणसांना सर्वांत आधी जाणवते ती धूळ. राष्ट्रीय मानकानुसार पीएम १० ची (दहा मायक्रॉनपर्यंतच्या धूलिकणांची; पीएम २.५ म्हणजे त्याहून बारीक, अडीच मायक्रॉनपर्यंतचे) चोवीस तासांची मर्यादा दर घनमीटरला १०० मायक्रोग्रॅम आणि वार्षिक सरासरीची ६०, पीएम २.५ साठी अनुक्रमे ६० आणि ४०. मानकं आठवड्यातून दोनदा, वर्षात किमान १०४ मोजण्या सांगतात. अहवालात मात्र सरासरी छापलेली असते, आणि ती बहुतेक वेळा मर्यादेच्या किंचित आत.

इथे दोन प्रश्न काम करून जातात. पहिला, मोजणी केंद्र नकाशावर कुठे आहे? खंभातच्या आखातात उन्हाळा-पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून येतो, हिवाळ्यात उत्तर-ईशान्येकडून. एकुलतं एक केंद्र कोळशाच्या यार्डाच्या नैऋत्येला, प्रशासकीय इमारतीच्या गच्चीवर असेल, तर मे महिन्यातली धूळ त्याला दिसणारच नाही; ती पलीकडच्या गावातल्या वाळत घातलेल्या कपड्यांवर दिसेल. वाऱ्याच्या दोन्ही अंगांना केंद्रं हवीत.

दुसरा प्रश्न माझा आवडता: मोजणी झाली त्या दिवशी धक्क्यावर काय होतं? मोजणीच्या तारखा पूर्तता अहवालाच्या जोडपत्रात मिळतात. कोणतं जहाज कधी धक्क्याला लागलं, याच्या याद्या अनेक बंदरं रोज प्रसिद्ध करतात. शिपिंग एजंटकडेही असतात. दोन याद्या समोरासमोर ठेवा. वर्षातल्या बहुतेक मोजण्या कोळशाचं जहाज नसलेल्या दिवशी झाल्या असतील, तर सरासरीला अर्थ उरत नाही. सतत मोजणारं यंत्र बसवलेलं असेल तर तासागणिक नोंदी मागा.

उपायांचं म्हणाल तर झाकलेला कन्व्हेयर, ढिगाभोवती उंच जाळी, ट्रकची चाकं धुण्याची सोय, ताडपत्री आणि फवारे, हा नेहमीचा संच आहे. फवारे पाहिले की पाणी कुठून येतं ते विचारा. गोडं पाणी शिंपडून धूळ बसवणं आणि पुढच्या पानावर जलसंवर्धनाची शेखी मिरवणं, दोन्ही एकत्र चालत नाही.

ट्रकसाठी फाटकाबाहेर बघावं लागतं. बंदराचा माल रेल्वेने किती जातो आणि रस्त्याने किती, हा एक आकडा फलकांवरच्या दहा घोषणांपेक्षा मोलाचा. भरूच-दहेज लोहमार्ग ब्रॉडगेज झालेला आहे, पश्चिमेकडची स्वतंत्र मालवाहतूक मार्गिका बडोद्याजवळूनच जाते. तरीही माल ट्रकनेच येत असेल, तर त्याचा धूर राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात नाव असलेल्या बडोद्याच्या वेशीवरही पडतो.

पायरी ५ : धक्क्यावरच्या विजेचं गणित मांडा

जहाज धक्क्याला लागल्यावर त्याची मदतनीस इंजिनं बंद करून किनाऱ्यावरून वीज देणं, म्हणजे शोअर पॉवर. लॉस एंजेलिसने २००४ मध्ये कंटेनर जहाजांसाठी ती सुरू केली. आता हरित कार्यक्रमाच्या मुखपृष्ठावर हमखास तिचं छायाचित्र असतं. फायदा किती, ते कागदावर करून पाहू.

जहाजाची गरज एक मेगावॉट धरली आणि मुक्काम एक दिवस, तर वीज लागली २४,००० युनिट. जहाजाच्या इंजिनात एका युनिटला साधारण २१० ग्रॅम तेल जळतं, म्हणजे पाच टन तेल. एक टन सागरी डिझेलमधून सुमारे ३.२ टन कार्बन डायऑक्साइड निघतो, म्हणजे १६ टन. तीच वीज आपल्या ग्रिडवरून घेतली तर ०.७ च्या हिशेबाने जवळपास १७ टन.

म्हणजे कोळशावर चालणाऱ्या ग्रिडची वीज देऊन कर्बवायू वाचत नाही. तो धक्क्यावरून औष्णिक केंद्राच्या धुराड्यात जातो. मग शोअर पॉवर निरुपयोगी का? मुळीच नाही. नायट्रोजनची ऑक्साइडं, गंधक आणि काजळी धक्क्यावरून हटते, कामगारांची आणि शेजारच्या वस्तीची हवा सुधारते, आणि जागतिक नियमानुसार १ जानेवारी २०२० पासून जहाजाच्या तेलात अर्धा टक्का गंधकाला मुभा आहे हे लक्षात घेता हा लाभ लहान नाही. फक्त तो लाभ ‘कर्बघट’ या रकान्यात लिहिलेला असेल तर आक्षेप घ्या. कर्बघट म्हणायची तर ती वीज सौर किंवा पवन कराराची आहे, याचा पुरावा हवा.

त्यानंतर वापर. ‘सर्व धक्क्यांवर शोअर पॉवरची सोय’ हे वाक्य काहीच सांगत नाही. वर्षात किती जहाजं लागली, त्यांपैकी किती जोडली गेली, आणि किती युनिट दिली? पुष्कळ वेळा टग आणि छोट्या बोटीच तेवढ्या जोडलेल्या आढळतात. तेही चांगलंच, पण तसं लिहायला हवं. द्रवमालाच्या टँकरसाठी ही सोय आजही विरळ आहे, त्यामुळे रसायन टर्मिनलला या मुद्द्यावर कमी गुण देणं अन्यायाचं होईल; त्याला टाक्यांतून सुटणारी वाफ कशी पकडता ते विचारा.

पायरी ६ : पाणी आणि गाळ

खंभातचं आखात हे पाठ्यपुस्तकातलं बंदर नाही. भावनगरच्या बाजूला भरती-ओहोटीतला फरक दहा मीटरच्या आसपास जातो, जगातल्या मोठ्या फरकांपैकी तो एक. पाणी नेहमीच गढूळ. त्यामुळे ‘गाळ उपशामुळे पाण्याचा गढूळपणा वाढला नाही’ हे विधान इथे फार सोपं आहे: मुळातच इतका गाळ तरंगतो, की वाढ त्यात बुडून जाते. विरुद्ध बाजूने, एखादा बाटलीभर गढूळ पाणी दाखवून बंदरावर ठपका ठेवील, तर तेही चालणार नाही.

म्हणून नमुना कधी घेतला ते बघा. उधाणाला (मोठ्या भरतीच्या दिवसांत) आणि भांगाला (लहान भरतीच्या दिवसांत), भरतीत आणि ओहोटीत, पृष्ठभागाचा आणि तळाचा. उपसा सुरू होण्याआधी, चालू असताना आणि नंतर. एवढं नसेल तर निष्कर्ष कच्चा. पाण्यापेक्षा तळाचा गाळ जास्त बोलका असतो, कारण जड धातू आणि तेलाचे अंश तिथे साठून राहतात. तळातल्या जिवांची गणना मागा. उपसलेला गाळ नेमका कुठे टाकला, त्याचे अक्षांश-रेखांश आणि बार्जच्या फेऱ्यांची नोंदही मागा.

इथे बडोदेकरांना जरा स्वतःकडे बघावं लागेल. आपल्या औद्योगिक पट्ट्यातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी सुमारे ५६ किलोमीटरच्या कालव्याने जंबुसर तालुक्यातल्या सारोदजवळ, महीच्या मुखाशी, याच आखातात सोडलं जातं. दहेजच्या बाजूला स्वतःचे कारखाने आहेतच. अशा पाण्यात धातूचा अंश सापडला तर तो बंदराचा, दहेजचा की आपल्याच नंदेसरीचा? बंदराच्या वरच्या आणि खालच्या बाजूला, एकाच भरतीत घेतलेल्या जोडनमुन्यांतला फरक, एवढंच बंदराच्या खात्यावर टाका. बाकीचं सामायिक म्हणून नोंदवा. हे केलं नाही तर बंदराचे वकील तुमचा अहवाल पहिल्याच पानावर मोडून काढतील.

पायरी ७ : तेलगळती आणि जहाजांचा कचरा

राष्ट्रीय तेलगळती आपत्ती आराखडा तटरक्षक दलाकडे आहे, आणि ७०० टनांपर्यंतची गळती, म्हणजे पहिला स्तर, बंदराने स्वतःच्या बळावर हाताळावी अशी अपेक्षा आहे. साधनांच्या यादीत तरंगते अडसर, स्किमर (पाण्यावरचं तेल खेचून घेणारी यंत्रं), शोषक चादरी सगळं छापलेलं असतं. तुम्ही सरावाची नोंद मागा: कोणत्या तारखेला, भरतीच्या कोणत्या वेळी. प्रवाह पाऊण नॉटच्या वर गेला की काटकोनात टाकलेल्या अडसराखालून तेल निसटायला लागतं, आणि या आखातातला प्रवाह त्याच्या कितीतरी पट असतो. संथ पाण्याची वेळ साधून फोटोपुरता केलेला सराव हा सराव नव्हे.

जहाजांचा कचरा, तेलकट पाणी आणि टाकी-धुणीचं रसायन उतरवून घेण्याची सोय जहाजांच्या प्रदूषणाबाबतच्या आंतरराष्ट्रीय मार्पोल करारानुसार असावी लागते. किती जहाजांनी कचरा दिला आणि तो पुढे कोणत्या अधिकृत प्रक्रियादाराकडे गेला, त्याची पावती बघा. दर इतका चढा आहे का, की जहाजं कचरा न देताच निघून जातात, हे एजंट लोक चहा पिता पिता सांगतात.

पायरी ८ : खारफुटी

गुजरात खारफुटीच्या क्षेत्रात पश्चिम बंगालखालोखाल देशात दुसरा. २०२१ च्या वन अहवालात ते १,१७५ चौरस किलोमीटर नोंदलं आहे. बंदरांच्या अहवालात ‘इतके हेक्टर लागवड’ असतं. लावलेली रोपं मोजू नका. तीन वर्षांनी किती उभी आहेत ते मोजा. गूगल अर्थवर जुनी उपग्रह छायाचित्रं फुकट पाहता येतात, लागवडीचे अक्षांश-रेखांश मिळाले की हे काम संध्याकाळभराचं.

बघताना दोन गोष्टी जपा. लागवड बहुतेक एकाच जातीची, तिवरीची, असते. जुन्या मिश्र झाडीच्या बदल्यात ती दाखवली असेल तर अदलाबदल समसमान नाही. आणि नव्या रस्त्यामुळे किंवा बांधामुळे एखाद्या खाडीत भरतीचं पाणी शिरणं बंद झालं का ते पाहा. कुऱ्हाड न लावताही खारफुटी अशी वाळते, आणि ‘एकही झाड तोडलं नाही’ हे विधान खरंच राहतं. ओख्यासारख्या बंदराची तपासणी करत असाल तर ही पायरी आणखी वर घ्या, कारण कच्छच्या आखातातलं सागरी राष्ट्रीय उद्यान तिथे शेजारीच आहे.

पायरी ९ : जागेवर जा

अधिकृत भेटीत तुम्हाला सौर पॅनल आणि रोपवाटिका दाखवतील. ती जरूर बघा. पण भेट सुटा माल उतरत असतानाची मागा, आणि फाटकाबाहेर स्वतंत्र वेळ काढा. ट्रक किती वेळ इंजिन चालू ठेवून रांगेत उभे आहेत, ताडपत्री बांधलेली आहे का, चाकधुणीचं कुंड कोरडं तर नाही, हे पाहायला कोणाची परवानगी लागत नाही. ड्रायव्हर आणि लोडरवाल्यांशी बोला, गुजराती-हिंदीत, वही बाहेर न काढता.

मच्छीमारांकडे जाताना नर्मदेच्या मुखाकडची, भाडभूतसारखी गावं आधी घ्या. पावसाळ्यात तिथे हिलसा पकडतात. मासळी कमी झाली एवढंच लिहून परतू नका: जाळी आता कुठे टाकता, पूर्वी कुठे टाकत होता, जहाजांच्या मार्गामुळे कोणती जागा बंद झाली, जाळी तुटल्याची भरपाई कोणाला मिळाली. नदीवरचा बंधारा, कारखाने, बंदर, ही कारणं एकमेकांत गुंतलेली आहेत. लोक ती सोडवून सांगतात, पण प्रश्न नेमका असला तर. बायकांशी वेगळं बोला, कारण मासळी सुकवताना तिच्यावर बसणारी काळी धूळ त्यांच्या रोजच्या हाताखालची.

पायरी १० : प्रमाणपत्रांची किंमत ठरवा

हे थोडक्यात. आयएसओ १४००१ सांगतं की व्यवस्थापनाची पद्धत जागेवर आहे. निकाल चांगला आहे असं ते म्हणत नाही. युरोपीय बंदरांच्या इकोपोर्ट्स उपक्रमातलं ‘पर्स’ (PERS) हे खास बंदरांसाठीचं प्रमाणपत्र, दोन वर्षांच्या मुदतीचं, म्हणून तारीख बघा. उत्तर अमेरिकेतल्या ग्रीन मरीनमध्ये प्रत्येक मुद्द्याला एक ते पाच अशी पातळी मिळते, त्यात एक म्हणजे फक्त कायद्याचं पालन. ही मांडणी मला सर्वांत प्रामाणिक वाटते आणि आपल्या गुणांकनासाठी उचलायला सोपी. प्रमाणपत्र कोणत्या टर्मिनलला आहे ते मात्र त्यावरच बारीक अक्षरात लिहिलेलं असतं.

पायरी ११ : गुण द्या, पण बेरीज करू नका

हवा, कर्ब, पाणी-गाळ, कचरा-गळती, किनारपट्टीची जैवविविधता, लोक, असे सहा रकाने. प्रत्येकाला एक ते पाच पातळी आणि शेजारी पुराव्याचा दर्जा: ‘क’ म्हणजे बंदराचं नुसतं विधान, ‘ख’ म्हणजे कागद पाहिला, ‘ग’ म्हणजे स्वतः किंवा तिसऱ्या पक्षाने पडताळलं. ‘हवा ४-क’ आणि ‘हवा ३-ग’ यांत मी दुसऱ्यावर जास्त विश्वास ठेवीन.

सहांची सरासरी काढण्याचा मोह होतो, वरिष्ठही तेच मागतात. देऊ नका. भरपूर सौरऊर्जेने धुळीचे गुण भरून निघतात, आणि नेमकी वस्तीला त्रास देणारी गोष्ट आकड्यात विरघळते. एकच आकडा द्यावाच लागला तर सर्वांत कमी पातळीचा द्या.

पायरी १ मधला ‘मोजला, अंदाज केला, वगळला’ हा तक्ता अहवालाच्या पहिल्या पानावर छापा. मसुदा बंदराच्या पर्यावरण विभागाला पाठवा, उत्तरासाठी तीन आठवडे द्या, आणि जे उत्तर येईल ते त्यांच्याच शब्दांत जोडा. अनेकदा याच टप्प्यावर आधी न मिळालेले आकडे अचानक सापडतात. ज्या अटींपुढे ‘बीईंग कम्प्लाइड’ होतं त्यांची वेगळी यादी करून ठेवा. पुढच्या १ जून किंवा १ डिसेंबरचा अहवाल आला की आधी त्या यादीतल्या ओळी उघडायच्या.